एकाच पायासाठी घोटलेलं मलम

दिवाळी उलटली, हवा कोरडी पडली की मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी रोज ऐकू येते: "भेगांचं मलम द्या." समजा, वसमतच्या एका दुकानात एकाच सकाळी तिघांनी ते मागितलं. पहिल्या मावशी. हळदीच्या रानात दिवसभर अनवाणी राबतात, टाच कोरडी पडून फाटली आहे, बाकी पाय ठणठणीत. दुसरे रिक्षावाले भाऊ. त्यांच्या तळपायभर बारीक पांढरा कोंडा आहे, तो पायाच्या कडेपर्यंत चढलाय आणि दोन नखं पिवळी पडून जाड झाली आहेत. तिसरे निवृत्त गुरुजी. त्यांच्या तळव्यावर जाड, लालसर, काठ स्पष्ट दिसणारे चट्टे आहेत आणि तसेच चट्टे कोपरावरही आहेत.

तिघांना एकच ट्यूब मिळते. मावशींना थोडाफार आराम पडतो. रिक्षावाल्या भाऊंना बुरशी आहे आणि गुरुजींना सोरायसिस, त्यामुळे त्या दोघांची ट्यूब संपते पण भेग तशीच राहते. भेग तिघांचीही सारखीच दिसते, कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं.

कंपनीची तयार ट्यूब न देता डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे, एकाच रुग्णासाठी, फार्मासिस्टने औषध मोजून, मिसळून बनवून देणं म्हणजे कंपाउंडिंग. यात नवीन काही नाही. काचेच्या बाटलीला डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवून मिक्श्चर देणारा, पांढऱ्या पुड्या बांधणारा कंपाउंडर साठीच्या पुढच्या माणसांनी पाहिलेला आहे. पुढे गोळ्या पाकिटातून यायला लागल्या आणि त्याच्याकडे नंबर पुकारणं नि इंजेक्शन देणं एवढंच उरलं. खल-बत्ता टिकला तो मुख्यतः त्वचारोगाच्या औषधांत. त्यातही पायाच्या औषधांत त्याची खरी गरज पडते.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, त्यामुळे घोटून केलेल्या मलमाबद्दल मला जिव्हाळा आहे हे आधीच सांगून टाकतो. तरीही माझं मत असं की शंभरातल्या बहुतेक पायांना तयार ट्यूबच पुरते. उरलेल्या थोड्यांना मात्र मिश्रणाशिवाय गत्यंतर नसतं. आणि आपल्याकडे 'मिक्स करून दिलेलं मलम' म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं या दोन्हींत बसत नाही. ते वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे पुढे येतो.

तळव्याची कातडी

पापणीच्या कातडीचा वरचा थर साधारण ०.०५ मिलिमीटर जाड असतो, तळव्याचा सुमारे १.५ मिलिमीटर. म्हणजे तीसपट. शिवाय तळव्यावर केस नाहीत आणि केसांच्या मुळाशी असणाऱ्या तेलग्रंथीही नाहीत. घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर. थोडक्यात, तळपायाला स्वतःचं तेल नाही. उसाच्या फडात, कापसाच्या रानात, काळ्या मातीच्या ढेकळांत दिवसभर घासल्यावर ही कातडी बचावासाठी आणखी जाड होते. जाड कातडी कोरडी पडली की तिची लवचीकता जाते आणि चालताना टाचेवर भार आला की ती फाटते.

औषधाच्या बाजूने पाहिलं तर ही जाडी म्हणजे भिंतच आहे. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉईड लावून ते किती आत शिरतं हे मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून शिरणारं प्रमाण १ धरलं तर कपाळातून ते ६ निघालं आणि तळपायाच्या कमानीतून ०.१४. म्हणजे हातावर चालणारं मलम तळव्यावर लावलं तर त्याचा सातवा हिस्साच आत जातो.

म्हणून पायाच्या औषधात दोन गोष्टी बदलाव्या लागतात: औषधाची टक्केवारी आणि ते ज्यात कालवलंय तो आधार. टक्केवारीबद्दल सगळे विचारतात, आधाराबद्दल कोणी विचारत नाही. आधार म्हणजे पेट्रोलियम जेली, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला चिकट पदार्थ), मेण, क्रीम, जेल, स्पिरिट यांपैकी जे काही असेल ते. टाचेवर चिकट, पाणी अडवून धरणारा आधार लागतो. बोटांच्या बेचक्यात तोच आधार लावला तर ओल कोंडून कातडी आणखी सडते. नखावर तर चिकट मलमाचा उपयोग जवळपास नाहीच, कारण नखातून पाण्यात विरघळणारे पदार्थ बरे शिरतात, तेलकट पदार्थ शिरत नाहीत. एकच औषध तीन आधारांत घातलं की कामापुरती ती तीन वेगळी औषधं झाली.

युरिया, पण गोणीतला नव्हे

टाचेच्या औषधांत युरियाइतका कामाचा आणि स्वस्त पदार्थ दुसरा नाही. पाच-दहा टक्के युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो. वीस टक्क्यांच्या आसपास तो जाड थर सैल करू लागतो. चाळीस टक्क्यांना मेलेली कातडी आणि नख दोन्ही मऊ पाडतो. पदार्थ तोच, पण टक्केवारी बदलली की त्याचं कामच बदलतं. मावशींच्या टाचेला वीस टक्क्यांची तयार ट्यूब पुरेल. त्यांच्यासाठी कोणी खल-बत्ता काढायची गरज नाही. रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवायचे, वजरीने हलकं घासायचं, पाय टिपून लगेच मलम लावायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. मोजे हवेतच. ते घातले की ओल आत राहते आणि औषध जास्त चांगलं मुरतं. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र आधी ती भरू द्यायची. उघड्या जखमेवर युरिया चांगलाच झोंबतो.

चाळीस टक्क्यांचं मलम बनवून घ्यावं लागतं ते बहुधा नखासाठी. बुरशीने नख इतकं जाड झालेलं असतं की नेलकटर लागत नाही, वरून लावलेलं औषध खाली पोचत नाही आणि भूल देऊन नख काढायची रुग्णाची तयारी नसते किंवा तब्येत तशी नसते. फार्बर आणि साउथ या डॉक्टरांनी १९७८ मध्ये यासाठी एक कृती छापली. त्या धर्तीची एक कृती मी मुद्दाम सविस्तर देतो, म्हणजे 'मिसळणं' हे किती नेमकं काम आहे ते कळेल. शंभर ग्रॅम मलमासाठी ४० ग्रॅम युरिया, ५ ग्रॅम पांढरं मधमाशीचं मेण, २० ग्रॅम लॅनोलिन, ३५ ग्रॅम पांढरी पेट्रोलियम जेली.

ऐकायला सोपं आहे. करताना क्रम चुकला की औषध वाया जातं. मेण, लॅनोलिन आणि जेली पाण्याच्या वाफेवर एकत्र वितळवायची, खाली उतरवून ढवळत ढवळत कोमट होऊ द्यायची आणि युरिया शेवटी घालायचा. गरम पातळ आधारात युरिया टाकला तर उष्णतेने तो फुटू लागतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि मलमाला तसा वास येतो. युरियाचे दाणे आधी खलात अगदी बारीक करावे लागतात, नाहीतर मलम लावताना वाळूसारखं टोचतं. थंड काचेवर स्पॅच्युलाने घोटत राहायचं, दोन बोटांच्या चिमटीत खरखर लागेनाशी होईपर्यंत.

हे मलम लावतानाही शिस्त लागते. नखाच्या भोवतीच्या कातडीवर चिकटपट्टी लावून ती झाकायची, मलम फक्त नखावर थापायचं, वरून प्लास्टिकचा तुकडा आणि पट्टी. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत नख लिबलिबीत होतं आणि डॉक्टर ते वेदना न होता कापून काढतात. घरी ओढून काढायचं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा प्रश्न मला वर्गाबाहेर हमखास विचारला जातो. घरात युरियाची ४५ किलोची गोणी पडलेली असते, मग त्यातला मूठभर व्हॅसलिनमध्ये घातला तर काय बिघडलं? बिघडतं. खताच्या युरियावर निंबोळी तेलाचा थर असतो, त्यात बाय्युरेट नावाची अशुद्धी दीड टक्क्यापर्यंत चालवून घेतलेली असते, आणि गोणी कुठे कशावर ठेवली होती याचा पत्ता नसतो. पिकाला ते चालतं. फाटलेल्या टाचेवर नको.

कुरूप, मस आणि आम्ल

सॅलिसिलिक ॲसिड हे दुसरं जुनं औषध. ते कातडीच्या मेलेल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा बंध सैल करतं. तीन ते सहा टक्क्यांत कोंडा निघतो. बारा टक्क्यांच्या पुढे घट्टे आणि कुरूप मऊ पडतात. दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या चकतीत ते चाळीस टक्के असतं.

आपल्याकडे तळव्यावर टोचणारं काहीही असलं की ते कुरूप. पण मस, म्हणजे विषाणूमुळे होणारी चामखीळ, तळव्यावर आत दाबली जाते आणि हुबेहूब कुरुपासारखी दिसते. ओळख अशी: सरळ दाबलं की जास्त दुखतं ते बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की जास्त दुखतो तो मस. तळव्यावरच्या बारीक रेषा कुरुपावरूनही जातात, मसापाशी येऊन तुटतात. मस तासला की काळे ठिपके दिसतात, त्या रक्त गोठलेल्या केशवाहिन्या.

मसासाठीचं जुनं मिश्रण म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड आणि लॅक्टिक ॲसिड, प्रत्येकी सुमारे सतरा टक्के, कोलोडियन नावाच्या द्रवात. लावलं की ते वाळून पातळ पापुद्रा बनतो आणि औषध जागेवर राहतं. हेही आता तयार मिळतं. कोलोडियन पेट्रोलसारखं भडकतं, तेव्हा चुलीजवळ किंवा गॅसपाशी बसून बाटली उघडू नये. कुरुपाचं म्हणाल तर तो दाबाचा आजार आहे. चप्पल किंवा बूट जिथे रुततो तिथे ते होतं. आम्लाने ते काढलं आणि चप्पल तीच ठेवली की ते परत येतं.

बिब्ब्याबद्दल दोन वाक्यं. काटा मोडला, कुरूप झालं, टाच फाटली की गावाकडे बिब्बा तापवून त्याचं तेल लावणारे अजून आहेत. त्या तेलातली द्रव्यं कातडी भाजतात आणि ॲलर्जीही करतात. संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पायावर पाण्याचे फोड घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर बिब्बा लावला होता का हे विचारतात ते उगाच नाही.

आणि मधुमेह असेल तर यातलं काहीच स्वतःच्या मनाने लावू नये, चाळीस टक्क्यांची चकती तर नाहीच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. आम्ल घट्टा खाऊन खालच्या जिवंत कातडीपर्यंत पोचतं तेव्हा ज्याच्या नसा शाबूत आहेत तो ओरडतो आणि चकती काढून टाकतो. बधिर पायाला ते कळत नाही. तिथे जखम होते, रक्तपुरवठा आधीच कमी असतो, आणि पुढचा रस्ता काय हे मराठवाड्यातल्या बहुतेक घरांनी कुणाना कुणाच्या बाबतीत पाहिलं आहे.

चिखल्या आणि गजकर्ण

पावसाळ्यात रानात ओल्या पायाने राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सडतात. याला चिखल्या म्हणतात हे सांगायला नको. तिथे बुरशी असते आणि बऱ्याचदा जिवाणूही. ओल हाच तिथला मुख्य शत्रू, म्हणून आधी वाळवायचं आणि मग औषध. या जागेसाठी पूर्वी दवाखान्यात हमखास बनायचा तो कास्टेलानी पेंट: फिनॉल, रिसॉर्सिनॉल आणि गडद किरमिजी रंगाचं फुक्सिन घातलेला स्पिरिटसारखा द्रव. लावताना झोंबतो, बोटं आणि चादर दोन्ही रंगवतो, पण बेचकी कोरडी ठणठणीत करतो. आज साधी बुरशीनाशक पावडर किंवा पातळ क्रीम, रोज बेचक्या पुसणं आणि ओला बूट एक दिवसाआड बदलणं यावर काम भागतं.

बुरशीवरचं दुसरं प्रसिद्ध घोटलेलं मलम म्हणजे व्हिटफील्ड. आर्थर व्हिटफील्ड हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्लंडमधले त्वचारोगतज्ज्ञ. त्यांच्या मलमात ६ टक्के बेंझोइक ॲसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. पन्नास ग्रॅम बनवायचं तर ३ ग्रॅम एक, दीड ग्रॅम दुसरं, बाकी आधार. एक आम्ल बुरशी रोखतं, दुसरं बुरशीसकट वरचा थर सोलून काढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षं होतं. नवी औषधं जास्त प्रभावी आहेत, पण तळव्याच्या जाड बुरशीत सोलण्याचं काम अजूनही उपयोगी पडतं. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्णाची जी जिद्दी बुरशी पसरली आहे, जिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनिआय असं नाव मिळालं, ती टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला बऱ्याचदा दाद देईनाशी झाली आहे. तेव्हा डॉक्टर जुन्या मलमांकडे पुन्हा वळतात, यात मला नवल वाटत नाही.

रिक्षावाल्या भाऊंना मात्र आधी तपासणी हवी. तळव्यावरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बुरशीचे धागे असतील तर दिसतात. तपासणी स्वस्त आहे आणि थोड्या वेळात होते. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. केसपेपर काढून तिथे दाखवावं. ही तपासणी न करता महिनोन्महिने मलमं बदलणारे लोक पाहिले की चीड येते. नखात बुरशी असेल तर नुसतं लावून सहसा भागत नाही. डॉक्टर यकृताची तपासणी करून साधारण बारा आठवडे टर्बिनाफिनच्या गोळ्या देतात. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणून औषध लागू पडलं तरी पूर्ण स्वच्छ नख दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. "दोन महिने लावलं, काही फरक नाही" ही तक्रार नखाच्या बाबतीत ऐकूनच घ्यायची नसते.

गुरुजींचं मलम

तळव्याच्या सोरायसिसला जोरदार स्टेरॉईड लागतं, कारण तिथून आत शिरतंच थोडं. पण वरचा जाड खवला निघाल्याशिवाय तेही शिरत नाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉईड, सॅलिसिलिक ॲसिड आणि पेट्रोलियम जेली यांचं मिश्रण लिहून देतात, आणि कोणत्या रुग्णाला आम्ल तीन टक्के, कोणाला सहा, कोणाला आणखी जास्त, हे तळवा पाहून ठरवतात. ठराविक टक्केवारीच्या तयार ट्यूबमध्ये ही मोकळीक मिळत नाही. इथे मिश्रण खरोखर कामाचं आहे.

आता हिशेब बघा. क्लोबेटासॉल या जोरदार स्टेरॉईडचं प्रमाण ०.०५ टक्के असतं, म्हणजे पन्नास ग्रॅम मलमात फक्त २५ मिलिग्रॅम. भाकरीच्या पिठात मिठाची चिमूट एका जागी पडली तर एक घास खारट आणि बाकी अळणी. इथे तो खारट घास म्हणजे एका जागी पातळ झालेली कातडी. म्हणून आधी तेवढंसं औषध तितक्याच आधारात घोटायचं, मग झालेल्या गोळ्याइतका आधार पुन्हा घालून घोटायचं, असं दुप्पट-दुप्पट करत पन्नास ग्रॅमपर्यंत जायचं. ज्याच्याकडे मिलिग्रॅम मोजणारा काटा नाही त्याने हे काम घेऊच नये. काही औषधं एकत्र आणताच येत नाहीत: सोरायसिसवरचं कॅल्सिपोट्रिऑल सॅलिसिलिक ॲसिडच्या संगतीत निकामी होतं. दोन्ही चांगली औषधं, एका डबीत आली की एक मेलेलं. चिठ्ठी वाचताना हे ओळखून डॉक्टरांना फोन करतो तो खरा फार्मासिस्ट.

जळजळीवरचं मिश्रण

मधुमेहाने पायाची आग होते, मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही. यावर अमेरिकेत चार-चार, पाच-पाच औषधं एका क्रीममध्ये घालून द्यायची मोठी लाट आली होती: केटामिन, गॅबापेंटिन, क्लोनिडिन, लिडोकेन वगैरे. कागदावर ते पटतं. प्रत्येक औषध नसेच्या वेगळ्या ठिकाणी काम करतं, पोटात घ्यावं लागत नाही, गुंगी येत नाही. तिथल्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शरीराच्या एखाद्या भागात दुखणं असलेल्या ३९९ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. काहींना मिश्र क्रीम, काहींना औषध नसलेलं क्रीम. कोणाला कोणतं ते कुणालाच माहीत नाही. २०१९ मध्ये निकाल छापून आला. महिनाभरानंतर दोन्हीकडच्यांचं दुखणं थोडं कमी झालं होतं, आणि दोन्हींत लक्षात घ्यावा असा फरक नव्हता.

औषधांची नावं वाढली म्हणून ताकद वाढत नाही. पायाच्या या आगीसाठी मिरचीतल्या तिखट द्रव्याचा, म्हणजे कॅप्सेसिनचा, ८ टक्क्यांचा पॅच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये मान्य केला. तो दवाखान्यातच लावतात. कमी टक्क्यांचं कॅप्सेसिनचं क्रीम आणि लिडोकेन तयार मिळतात. पोटात घ्यायच्या गोळ्यांना बराच भक्कम आधार आहे. महागडं पाच औषधांचं क्रीम कोणी सुचवलं तर आधी हे सगळं करून झालं का, असं विचारायला हरकत नाही.

नाव नसलेली डबी

आता ते वेगळं प्रकरण. पांढरी प्लास्टिकची डबी, वर काही लिहिलेलं नाही किंवा पेनाने फक्त 'खाज' असं लिहिलेलं. कुठे आठवडी बाजारात मिळते, कुठे एखाद्या दवाखान्यात. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. बऱ्याचदा यात जोरदार स्टेरॉईड असतं. ते बुरशीला मारत नाही, बुरशीशी लढणाऱ्या कातडीला गप्प करतं. खाली बुरशी पसरत राहते, मलम थांबवलं की दुपटीने उसळते, आणि तोवर तिचं रूप इतकं बदललेलं असतं की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. तळव्यावर एकवेळ निभावतं. पण तीच डबी मांडीला, जांघेत, लेकराच्या मानेला लागते, आणि तिथली कातडी पातळ. २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायची १४ स्टेरॉईड शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नाव नसलेल्या डबीला मात्र हा नियम लावणार कसा?

खऱ्या मिश्रणाची ओळख लेबलावरून पटते. औषध नियम १९४५ प्रमाणे चिठ्ठीवर बनवून दिलेल्या औषधावर दुकानाचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, एकूण किती औषध दिलं ते, दुकानाच्या नोंदवहीतला क्रमांक आणि लावायचं औषध असेल तर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' ही सूचना हवी. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की आत काय आणि किती टक्के, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं, हेही लिहून मागा. मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका. डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायची मुभा कायद्यात आहे, पण "डॉक्टरसाहेब, यात स्टेरॉईड आहे का?" हा प्रश्न तिथेही विचारता येतो.

स्वच्छतेचा प्रश्न मलमात इंजेक्शनइतका जीवघेणा नसतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग फार्मसीने बनवलेल्या, मणक्यात द्यायच्या इंजेक्शनांत बुरशी निघाली. ७५० हून जास्त लोक आजारी पडले, ६० हून जास्त दगावले, आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. मलमाने असं होत नाही. पण जखम उघडी असेल तर घोटलेलं मलम तिच्यात घालू नये.

काही पायांना कुठलंच मलम लावत बसू नये. बधिर चट्टा, न दुखणारी जखम: कुष्ठरोग आणि मधुमेह दोन्ही तपासा. बाभळीचा काटा मोडल्यानंतर महिन्या-वर्षांनी पाऊल न दुखता सुजत गेलं, त्याला भोकं पडून पू आणि बारीक दाणे यायला लागले, तर तो मायसेटोमा नावाचा खोलवर गेलेला संसर्ग असू शकतो; त्याला बायोप्सी आणि महिनोन्महिन्यांची औषधं लागतात. एका पायाची अचानक लाल, गरम सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

डबी घरी आणल्यावर

घोटलेल्या मलमाची मुदत कंपनीच्या ट्यूबसारखी दोन-तीन वर्षं नसते. अमेरिकेची या कामाची नियमावली पाणी असलेल्या, टिकाऊ द्रव्य घातलेल्या मिश्रणाला ३५ दिवस देते आणि पाणी नसलेल्या मलमाला जास्तीत जास्त १८० दिवस, तेही साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. म्हणून उन्हाळ्यात एका वेळी पंधरा-वीस दिवसांपुरतंच बनवून घ्यावं, माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवावं, आणि बोट न घालता स्वच्छ चमच्याच्या दांड्याने काढावं. युरियाच्या मलमाला अमोनियाचा वास आला तर ते टाकून द्यावं. डबीत तेल वर तरंगलं असेल तर ढवळून पुन्हा वापरू नये. घरच्या ढवळण्याने ते औषध पुन्हा एकसारखं होत नाही, आणि तळाच्या थरात चिठ्ठीवर लिहिलंय त्यापेक्षा किती तरी जास्त आम्ल बसलेलं असू शकतं.